व्हीबी ६ नंतर कोणती भाषा? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

मशीद बंदरच्या पेढ्या, फोर्टमधले क्लिअरिंग एजंट, गिरगाव-दादरच्या पतपेढ्या. मुंबईतल्या अशा छोट्या कचेऱ्यांत व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम आजही चालू असतात. ते नव्याने लिहायचे तर कोणत्या भाषेत, हा प्रश्न मात्र वीस वर्षांचा जुना आहे.

मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक १९९१ मध्ये आणले. सहावी आवृत्ती १९९८ ची. फॉर्मवर बटण ठेवायचे, त्यावर डबल-क्लिक करून चार ओळी लिहायच्या आणि एफ५ दाबायचे, की प्रोग्रॅम सुरू. त्यामुळे पेढीचा हिशेब कळणारा माणूसच तिचा प्रोग्रॅमही लिहू शकला. माझ्या मते या भाषेचे सर्वांत मोठे देणे तेच, आणि ती गेल्यावर सर्वांत जास्त नुकसानही त्याच माणसाचे झाले.

२००२ मध्ये व्हीबी डॉट नेट आले. नाव जुनेच राहिले, पण इंटिजर (पूर्णांक साठवणारा प्रकार) १६ बिटांचा होता तो ३२ बिटांचा झाला, कंट्रोल अ‍ॅरे (एकाच नावाने हाताळायचे बटणांसारख्या घटकांचे गट) गेले. जुना कोड बदलून देणारा विझार्ड सोबत होता. तो जागोजागी ‘हे हाताने दुरुस्त करा’ अशा अर्थाचे शेरे मारून ठेवी. ३१ मार्च २००५ रोजी व्हीबी ६ चा मुख्य सपोर्ट संपला आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात व्हॅट लागू झाला. म्हणजे बिलिंगचा प्रत्येक प्रोग्रॅम बदलावा लागणार होता, नेमका तेव्हाच. जुने व्हीबी चालू ठेवावे म्हणून त्या मार्चमध्ये जगभरच्या प्रोग्रॅमरांनी सह्यांची मोहीम काढली. कंपनीने ऐकले नाही. उरलासुरला सपोर्टही एप्रिल २००८ मध्ये थांबला.

डेटाबेसचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या फॉक्सप्रोचेही तेच झाले. मायक्रोसॉफ्टने ते १९९२ मध्ये विकत घेतले होते. नवव्या आवृत्तीनंतर पुढची निघणार नाही, हे मार्च २००७ मध्ये जाहीर झाले.

मराठीत काम करणाऱ्यांची अडचण आणखी खोल होती. व्हीबी ६ च्या साध्या टेक्स्टबॉक्समध्ये युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामाईक अक्षरसंकेत पद्धत) देवनागरी दिसत नाही. म्हणून सभासदांची नावे सुरेखसारख्या जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत साठवली गेली. फॉन्ट काढला, की डेटाबेसमध्ये उरतात निरर्थक रोमन चिन्हे. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय आली, तरी हा साठा आपोआप बदलला नाही. त्यामुळे नवी भाषा कोणतीही घेतली, तरी आधी अक्षरे बदलावी लागतात. रफार आणि पहिली वेलांटी यांचा क्रम दोन्हीकडे वेगळा असल्याने नुसते ‘शोधा आणि बदला’ करून ते होत नाही.

तेव्हा बरेच जण मायक्रोसॉफ्टच्याच सी शार्प या भाषेकडे गेले, कारण साधने ओळखीची होती. कुणी पीएचपी ही वेबची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस घेऊन प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये नेला. डेल्फी या पास्कल भाषेच्या साधनाची सवय असलेल्यांना त्याच धर्तीचे लाझारस जवळचे वाटले. आज पायथॉनचे नाव आधी निघते. निवडताना वेग, पगार, फॅशन यांची चर्चा होते. मला मात्र पहिला प्रश्न हाच वाटतो, की ही भाषा एखादी कंपनी एकटी बंद करू शकते का? पायथॉन, पीएचपी, लाझारस यांचा सोर्स (मूळ कोड) खुला आहे. सी शार्पचा मायक्रोसॉफ्टचा कंपायलरही (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारे साधन) २०१४ मध्ये खुला झाला. २००५ मध्ये निवड करणाऱ्यांना तो दिलासा नव्हता.

व्हीबी डॉट नेटमध्येही भाषा म्हणून नवी भर घालणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने मार्च २०२० मध्ये सांगितले. व्हीबी ६ चे रनटाइम (तयार प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या फाइली) विंडोज ११ मध्येही मिळते, त्यामुळे जुनी एक्झी फाइल उघडते आणि बिल छापते. जीएसटीचा दर कोडमध्येच लिहिलेला असेल, तर तो बदलायला मात्र सोर्स हवा आणि सपोर्ट संपलेला तोच जुना एडिटर हवा.