रक्त येतं तिथेच ब्रश फिरवा

‘दात साफ करून घेतले आणि फटी पडल्या, आता दात हलतील.’ हिरड्यांचे उपचार संपले की ही तक्रार हमखास ऐकू येते. फट स्केलिंगने, म्हणजे दातांवरचं किटण खरवडून काढल्याने, पडत नाही. दातांमधलं हाड आजाराने आधीच झिजलेलं असतं. ती जागा सुजलेल्या हिरडीने आणि किटणाने भरलेली असते. किटण निघतं, सूज उतरते आणि झालेलं नुकसान उघडं दिसतं. थंड पाणी झोंबतं तेही उघड्या पडलेल्या मुळांमुळेच. बहुतेकांच्या बाबतीत हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो.

खरा घोटाळा यानंतर होतो. ब्रश करताना कुठेतरी रक्त दिसतं आणि माणूस ती जागा जपायला लागतो. नेमकी तीच जागा पुन्हा बिघडते.

घासून स्वच्छ केलेल्या दातावर काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर बसतो. त्याला आधी चिकटतात ते स्ट्रेप्टोकोकस जातीचे, तुलनेने निरुपद्रवी जीवाणू. थर जाड होतो तसा आतला ऑक्सिजन संपत जातो. मग फ्युसोबॅक्टेरियम येतो. हा लांबट जीवाणू आधी आलेल्यांनाही धरतो आणि मागून येणाऱ्यांनाही. मागून येणाऱ्यांतला मुख्य म्हणजे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस. याला ऑक्सिजन नको आणि साखरेतही रस नाही. त्याला लागतात प्रथिनांचे तुकडे आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं हीम, म्हणजे लोह असलेला घटक. निरोगी हिरडीत हे फारसं मिळत नाही. सुजलेल्या हिरडीतून मात्र प्रथिनयुक्त द्रव सतत पाझरतो आणि जराशा धक्क्याने रक्त येतं. म्हणजे सूज जीवाणूला खाऊ घालते आणि जीवाणू सूज वाढवतो. हे चक्र तोडायचं तर थर जाड होण्याआधीच तो विस्कटावा लागतो, आणि तोही रक्त येतं तिथेच.

१९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात सूज गेली. मात्र ती केवळ हिरडीची सूज होती. एकदा झिजलेलं हाड असं परत येत नाही. उपचारानंतर हिरडी आणि दात यांच्यातला खोल खिसा उथळ होतो तो हिरडी खाली बसल्याने आणि तिचं आतलं अस्तर मुळाला चिकटल्याने. प्लाक, म्हणजे जीवाणूंचा तो थर, साचू दिला तर हा जोड पुन्हा सुटू शकतो.

ब्रश मऊ घ्या. केस हिरडीच्या कडेवर ४५ अंशांत टेकवून जागच्या जागी हलके थरथरवा, मग पुढे सरका. तरीही दोन दातांमधली जागा राहतेच. तिथे फट असेल तर इंटरडेंटल ब्रश (फटीत घालायचा तारेवरचा छोटा ब्रश) फ्लॉसपेक्षा, म्हणजे दातांमधून ओढायच्या दोऱ्यापेक्षा, सरस. वरच्या पहिल्या उपदाढेच्या (सुळ्यामागच्या दाताच्या) मुळाला पुढच्या बाजूने खोलगट चर असते. फ्लॉस तिच्यावरून ताणून जातो आणि चरीतला प्लाक तसाच राहतो. ब्रशचे केस मात्र आत शिरतात. माप असं हवं की केस फटीत घट्ट बसतील पण तार दाताला घासणार नाही. बहुतेकांना दोन-तीन मापं लागतात. आरशात बघून सरळ घाला, काही वेळा आत-बाहेर करा, धुवा, पुढची फट. तार सारखी वाकत असेल तर माप मोठं आहे किंवा कोन चुकतोय. शेवटच्या दाढेची मागची बाजू विसरू नका. रोज नीट केलं तर रक्त साधारण आठवडा-दहा दिवसांत कमी होतं. एकाच जागी येतच राहिलं तर आत किटण उरलेलं असू शकतं, दाखवून घ्या.

रक्त न येणं हा मात्र नेहमीच चांगल्या तब्येतीचा पुरावा नसतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि आतला आजार झाकला जातो. ‘मिश्रीने हिरड्या घट्ट होतात’ हा समज तर घराघरांतून घालवायला हवा. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि तिने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तेलाच्या गुळण्यांनी किटण निघत नाही. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाची चूळसुद्धा (०.२ टक्के, १० मिली, एक मिनिट) खोल खिशात पोचत नाही. ती डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस आणि पेस्टनंतर अर्ध्या तासाने घ्या. लांबवली तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

घरचा ब्रश हिरडीखाली फार खोल जात नाही आणि तिथली जीवाणूंची वस्ती काही आठवड्यांत पुन्हा उभी राहते. म्हणून सुरुवातीला साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी सांगतात. तिथे प्रत्येक दाताभोवतीच्या खिशाच्या खोलीचे आकडे मागून घ्या: १ ते ३ मिमी ठीक, ५ मिमी आणि शिवाय रक्त येत असेल, तर तेवढी जागा पुन्हा साफ करावी लागते. मधुमेह असेल तर एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा) आकडाही सोबत न्या. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही.

उघड्या मुळांवर इनॅमल नसतं, त्यामुळे ती कमी आम्लातही विरघळतात आणि लवकर किडतात. फ्लोराइडची पेस्ट वापरा आणि घासल्यावर फेस नुसता थुंका, लगेच भरपूर पाण्याने चूळ भरू नका.