युनिक्स सर्व्हरचे निदान सॉफ्टवेअर : प्राप्ती व परवाना

सर्व्हरमधील प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पंखे, पॉवर सप्लाय यांची तपासणी करून बिघाडाची जागा दाखवणारे सॉफ्टवेअर. ते बहुधा सर्व्हर बनवणारी कंपनीच पुरवते. आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीमवरील ‘डायग’ व ‘एररपीटी’ या कमांड, सनच्या सोलारिसवरील ‘पीआरटीडायग’ व सनव्हीटीएस आणि एचपी-यूएक्सवरील सपोर्ट टूल्स मॅनेजर (एसटीएम) ही त्याची प्रमुख उदाहरणे.

ही साधने ऑपरेटिंग सिस्टीममध्येच किंवा सोबतच्या सीडीवर येत असल्याने ती मिळवण्याचा खर्च नगण्य असतो. पैसे पुढे लागतात. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतल्यानंतर सोलारिसचे पॅच (दुरुस्तीचे छोटे अपडेट) सपोर्ट करार असलेल्यांपुरते उरले. आयबीएमच्या पॉवर८ पासूनच्या सर्व्हरांवर नवे फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारे अंगभूत सॉफ्टवेअर) चढवायला मुदतीची ‘अपडेट ॲक्सेस की’, म्हणजे परवान्याचा संकेतांक, लागते. एसटीएममध्ये प्राथमिक तपासणी सर्वांना खुली होती, मात्र काही सखोल साधने परवान्याशिवाय चालत नसत. थोडक्यात, निदान फुकट आणि औषधाला पैसे, असा हा व्यवहार आहे.

परवाना अनेकदा यंत्राच्या ओळखक्रमांकाला, म्हणजे होस्टआयडीला जोडलेला असतो. सनच्या जुन्या सर्व्हरांत हा क्रमांक मदरबोर्डवरील एका चिपमध्ये राहतो आणि त्या चिपला आतच बॅटरी असते. बॅटरी संपली की सुरू होताना ‘आयडीप्रॉम कंटेंट्स आर इनव्हॅलिड’ (ओळखक्रमांकाची नोंद अवैध) असा संदेश येतो, होस्टआयडीच्या जागी नुसते एफ-एफ-एफ दिसतात आणि त्या क्रमांकावर घेतलेली प्रत्येक की नाकारली जाते. हार्डवेअर धड, तरी सॉफ्टवेअर बंद! म्हणून मदरबोर्ड बदलताना जुनी चिप काढून नव्या बोर्डावर बसवण्याची पद्धत होती. होस्टआयडी, सिरियल नंबर आणि की वेळीच कागदावर उतरवून ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त विमा. पण तोच बहुतेक ठिकाणी राहून जातो.

मराठवाड्यात खरेदीच्या दोन वाटा आहेत. वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याचा कारखाना डीलरकडून कोटेशन घेऊन पीओ (खरेदी आदेश) काढतो. सरकारी संस्था निविदा काढतात किंवा २०१६ मध्ये सुरू झालेल्या जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून घेतात. सॉफ्टवेअर परवान्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. कारखान्याला त्याचे इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळते; करमुक्त शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयाला मिळत नाही, त्यामुळे तोच परवाना त्याला प्रत्यक्षात महाग पडतो. परवाना डीलरच्या नव्हे, वापरणाऱ्या संस्थेच्या नावावर आहे ना, हे बिल चुकते करण्यापूर्वी पाहावे. जुना सर्व्हर बाजारातून स्वस्तात मिळाला, तरी त्यावरील ऑपरेटिंग सिस्टीमचा परवाना आपोआप हस्तांतरित होतोच असे नाही.

नांदेड, लातूर, हिंगोलीसारख्या ठिकाणी इंजिनिअर पुण्या-मुंबईहून यायचा असेल, तर निदानाच्या नोंदी आधीच पाठवण्याला विशेष महत्त्व येते. त्यासाठी एआयएक्सवर ‘स्नॅप’ आणि सोलारिसवर ‘एक्सप्लोरर’ या साधनांनी सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये बांधता येतात. नेमका कोणता भाग गेला हे कळले, की तो हाती घेऊनच माणूस निघतो; नाहीतर पहिली फेरी पाहणीतच जाते. मात्र सनव्हीटीएससारख्या ताण देणाऱ्या चाचण्या कामाच्या वेळेत चालू सर्व्हरवर लावू नयेत.

लिनक्सवर स्मार्टमोनटूल्स, सिसस्टॅट ही जीपीएल या मुक्त परवान्याची साधने विनामूल्य आहेत. डिस्कची प्रकृती आणि प्रोसेसरवरील भार त्यांतून चांगला कळतो. मोठ्या सर्व्हरच्या चेसिसमधील (सांगाड्यातील) कोणता बोर्ड गेला, हे सांगायला मात्र कंपनीचेच साधन लागते. एचपी-यूएक्स ११आय व्ही३ चा प्रमाणित सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपला असल्याने, ज्यांच्याकडे अशी यंत्रे अजून चालू आहेत त्यांना जवळच्या सीडी आणि उतरवून घेतलेले पॅच यांवर बहुतांशी भागवावे लागते.