राजवाड्यात वसलेले शहर : स्प्लिटच्या रोमन अवशेषांची पार्श्वभूमी

क्रोएशियातील स्प्लिट या बंदराच्या शहरात रोमन अवशेष पाहण्यासाठी गेलेल्या माणसाला ते वेगळे शोधावे लागत नाहीत. किनाऱ्यालगतच्या कॅफेंच्या मागे उभी असलेली उंच, काळवंडलेली भिंत ही सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याची दक्षिण बाजू आहे. तिच्या पायथ्याशी दुकाने आहेत, आणि वरच्या कमानींमध्ये निरनिराळ्या शतकांत लोकांनी बसवलेल्या खिडक्यांबाहेर कपडे वाळत असतात. जुन्या वास्तूला कुंपण घालून शहर तिच्यापासून दूर ठेवावे, असे येथे कधी झालेच नाही. शहर त्या वास्तूच्या पोटातच वाढले.

डायोक्लेशियनचा जन्म याच परिसरातला. येथून काही किलोमीटरवर असलेले सालोना हे रोमच्या डाल्मेशिया प्रांताचे मुख्य शहर होते. सैन्यातून वर चढत तो 284 मध्ये सम्राट झाला, अफाट साम्राज्याचा कारभार त्याने चार राज्यकर्त्यांत वाटून दिला आणि 305 मध्ये आपण होऊन सत्ता सोडली, जे त्याच्यापूर्वीच्या सम्राटांच्या बाबतीत जवळजवळ अकल्पित होते. निवृत्तीसाठी बांधलेली ही वास्तू सुमारे 215 मीटर लांब आणि 180 मीटर रुंद आहे. चारही बाजूंना दरवाजे, कोपऱ्यांवर बुरूज आणि मध्ये एकमेकांना छेदणारे दोन हमरस्ते ही रचना राजवाड्यापेक्षा लष्करी छावणीला अधिक जवळची वाटते, आणि उभे आयुष्य छावणीत गेलेल्या माणसाला तीच सोयीची वाटली असावी. पांढरा चुनखडीचा दगड समोरच्या ब्राच बेटावरून आला, तर ग्रॅनाइटचे खांब आणि स्फिंक्सच्या मूर्ती थेट इजिप्तमधून. त्यांपैकी काळ्या ग्रॅनाइटचा एक स्फिंक्स आजही मुख्य चौकात बसलेला आहे. राजवाडा बांधला गेला तेव्हाच तो सतराशेहून अधिक वर्षांचा होता. पुन्हा सत्ता हाती घेण्याचा आग्रह झाला तेव्हा, ‘मी स्वतः लावलेल्या भाज्या तुम्ही पाहिल्या असत्या, तर हे मागणे केले नसते,’ अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याची गोष्ट एका प्राचीन संक्षिप्त इतिहासात येते. पर्यटकांना ती आवर्जून सांगितली जाते आणि तिच्यातली भाजी बहुतेक वेळा कोबीच असते.

शहराचे नाव मात्र राजवाड्यावरून पडलेले नाही, जरी तसा समज बराच पसरलेला आहे. या जागेचे ग्रीक नाव अस्पालाथोस असे होते, आणि किनाऱ्यावर उगवणाऱ्या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाशी त्याचा संबंध जोडला जातो.

राजवाड्याचे शहर झाले ते सातव्या शतकात. अवार आणि स्लाव्ह या टोळ्यांच्या हल्ल्यांत सालोना पडले आणि तेथील रहिवासी जवळच्या बेटांवर पळाले. त्यांतील काही जण पुढे परतले, पण उद्ध्वस्त सालोनात न जाता या भक्कम तटाच्या आत शिरले. तेराव्या शतकातील स्थानिक इतिहासकार थॉमस आर्चडीकन याने लिहिले आहे की, ऐपत असलेल्यांनी आत घरे बांधली, त्याखालच्यांनी बुरूज धरले आणि उरलेल्या गोरगरिबांनी तळघरांत संसार थाटले. या लोकांनी वास्तूची जी वापरणी केली, तिच्यात डायोक्लेशियनच्या वाट्याला मोठा विरोधाभास आला. त्याच्याच काळात, 304 मध्ये, सालोनाचा बिशप डोम्नियस याला ख्रिस्ती छळाच्या लाटेत ठार मारण्यात आले होते. पुढे सम्राटाच्या अष्टकोनी समाधीचे कॅथेड्रल झाले, ते त्याच डोम्नियसच्या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि सम्राटाची शवपेटी कायमची नाहीशी झाली. राजवाड्यातील ज्युपिटर या रोमन देवाच्या मंदिरात बाप्तिस्मा दिला जाऊ लागला. कॅथेड्रलला 1214 मध्ये आंद्रिया बुविना याने कोरलेली लाकडी दारे बसली. येशूच्या जीवनातील 28 प्रसंगांची ती दारे आजही तेथे आहेत.

तळघरांची कथा सर्वांत बोलकी आहे. जमीन समुद्राकडे उतरती असल्यामुळे सम्राटाची दालने सपाटीवर आणण्यासाठी त्यांच्याखाली कमानींची तळघरे बांधावी लागली होती, आणि त्यांची आखणी वरच्या दालनांबरहुकूम होती. पुढच्या शतकांत वर राहणाऱ्यांनी जमिनीला भोके पाडून सांडपाणी आणि कचरा खाली सोडला. तळघरे भरत गेली आणि भरल्यामुळेच टिकली. दुसऱ्या महायुद्धानंतर तो कचरा उपसण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले, पश्चिमेकडचा भाग 1959 मध्ये लोकांसाठी खुला झाला, आणि वर जवळजवळ नामशेष झालेल्या शाही दालनांचा नकाशा अभ्यासकांना खालून वाचता आला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बेफिकिरीने जेवढे जपले, तेवढे एखाद्या काटेकोर जतन-योजनेने जपले असते की नाही, अशी शंका येते.

युरोपला या वास्तूची सविस्तर ओळख करून दिली ती स्कॉटिश वास्तुविशारद रॉबर्ट ॲडम याने. शहर व्हेनिसच्या ताब्यात असताना, 1757 मध्ये, तो फ्रेंच चित्रकार क्लेरिसो आणि दोन आरेखकांसह येथे आला. मोजमापे घेणारा हा परदेशी हेर असावा असा स्थानिक अधिकाऱ्यांना संशय आला, तरी सुमारे पाच आठवड्यांत त्याने काम उरकले. त्याचा चित्रसंग्रह 1764 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि ब्रिटनमधील वास्तुशैलीवर त्याचा ठसा उमटला. ॲडमच्या काळी भिंतीपुढे आजच्यासारखा प्रशस्त रस्ता नव्हता. किनाऱ्यावरचा हा फिरण्याचा रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, नेपोलियनच्या राजवटीत, आकाराला येऊ लागला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात, ऑस्ट्रियाच्या अमलाखाली, याद्रो नदीचे पाणी राजवाड्यात आणणारी सुमारे 9 किलोमीटरची रोमन जलवाहिनी दुरुस्त करून शहरासाठी पुन्हा वाहती करण्यात आली. स्प्लिट आजही याद्रोचेच पाणी पिते.

युनेस्कोने 1979 मध्ये जागतिक वारसा यादीत घेतला तो एकटा राजवाडा नव्हे, तर त्याच्यासह मध्ययुगीन स्प्लिटचा सगळा ऐतिहासिक भाग. अलीकडे तटाच्या आतली बरीच घरे पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने दिली जातात आणि तेथे कायम राहणारी कुटुंबे कमी होत चालली आहेत. सालोनाच्या निर्वासितांपासून अखंड चालत आलेली वस्ती या वेळी कोणा टोळीच्या हल्ल्याने नव्हे, तर तिला पाहायला येणाऱ्यांच्या गर्दीने पातळ होत आहे.