कापलेला कांदा जंतू ओढतो का?

"अर्धा कांदा खोलीत ठेवा, तो हवेतले सगळे जंतू ओढून घेतो, उरलेला कांदा विषारी होतो." हा मेसेज सोलापुरातल्या घराघरांत वर्षानुवर्षं फिरतोय. घरच्यांच्या काळजीपोटीच लोक तो पुढे पाठवतात.

कांदा चिरला की पेशी फुटतात आणि गंधकाची संयुगं तयार होतात. डोळे चुरचुरतात ते त्यांच्यामुळेच. गंधक हा ऑक्सिजन, सेलेनियम, टेल्युरियम या मूलद्रव्यांच्या कुळातला. एका रेणूतला गंधक शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला किंवा नायट्रोजनला हलकेच ओढतो, हे खरं आहे. पण अंतर बघा: मिलिमीटरचा साधारण तीस लाखावा भाग! त्यापलीकडे ही ओढ झपाट्यानं विरते. खोलीच्या कोपऱ्यातला जंतू तर फारच लांब राहिला.

घरीच बघा. ताटलीत चिमूटभर ज्वारीचं पीठ पसरा आणि कापलेला कांदा बोटभर वर धरा. एक कणही वर येणार नाही. वास मात्र येतो, कारण रेणू कांद्यातून बाहेर पडतात. आत काही ओढलं जात नाही.

उघडा कांदा इतर चिरलेल्या भाज्यांसारखाच सुकतो, खराब होतो. झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी शेंगाचटणी-भाकरीबरोबर निर्धास्त खा.