डिझेल वेल्डिंग जनरेटरची केबल जोडणी

इंजिनावर चालणाऱ्या वेल्डिंग जनरेटरच्या दोन टर्मिनलांना होल्डरची (रॉड धरणाऱ्या चिमट्याची) आणि परतीची (वेल्ड करायच्या लोखंडाकडून करंट मागे आणणारी) केबल जोडण्याचे काम. वीज पोचलेली नाही किंवा भरवशाची नाही, अशा उघड्यावरच्या कामांना हा संच लागतो. नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागांचे लोखंडी मांडव, शेताची पाइपलाइन, पुलाचे काम ही त्याची नेहमीची ठिकाणे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शेडमध्ये मशीन आणि टेबल जागचे हलत नाहीत. शेतात मात्र जोडणी रोज नव्याने करावी लागते.

करंट जनरेटरमधून निघतो आणि जनरेटरलाच परत येतो. होल्डरची केबल हातात असते, म्हणून तिची काळजी घेतली जाते. हयगय होते ती परतीच्या केबलीची. तिचा क्लॅम्प जॉबलाच (वेल्ड करायच्या लोखंडालाच), वेल्डच्या शक्य तितक्या जवळ आणि गंज-रंग घासून काढलेल्या जागी लावावा. मांडवात एका खांबाला क्लॅम्प लावून चार खांब पुढे वेल्डिंग केले, तर शे-दीडशे अँपिअर करंट मांडवाच्या बारीक तारांतून परततो. तार तापते आणि तिला बांधलेली ठिबकची नळी वितळू शकते. क्रेनचा वायररोप किंवा मोटारीचे बेअरिंग अशा वाटेत आले, तर नुकसान आतून होते आणि उशिरा कळते. संचाच्या सांगाड्याचे अर्थिंग ही निराळी गोष्ट आहे. ते उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे करावे. जमिनीत ठोकलेली सळई परतीच्या केबलीचे काम करत नाही.

केबलीच्या टोकाचे लग (नटाखाली बसणारे भोकाचे टोक) क्रिंप केलेले, म्हणजे दाबून घट्ट बसवलेले, तांब्याचे असावे. ते टर्मिनलच्या सपाट पृष्ठभागाला थेट टेकले पाहिजे. वॉशर लगच्या वर, नटाच्या बाजूला येतो. तो लग आणि टर्मिनल यांच्यामध्ये आला, की करंटच्या वाटेत नको तो रोध उभा राहतो. सांध्यात ०.०१ ओहम इतकाच रोध असला आणि करंट २०० अँपिअर असला, तर त्या एका सांध्यावर ४०० वॅट उष्णता तयार होते. इन्सुलेशन काळे पडणे, नट तापणे ही त्याची खूण. नट हाताने फिरवून सोडू नये, पान्याने आवळावा.

केबलीची जाडी लांबीवरही ठरते. ३५ चौरस मिलीमीटर तांब्याच्या केबलीचा रोध मीटरला सुमारे ०.५ मिलीओहम असतो. संच ५० मीटर लांब ठेवला, तर जाऊन-येऊन १०० मीटर होतात आणि १५० अँपिअरला सुमारे ७.५ व्होल्ट वाटेतच जातात. आर्कला (रॉड आणि जॉब यांमधल्या ठिणगीला) मिळायचे असतात २५ व्होल्टच्या आसपास. करंट वाढवत बसण्यापेक्षा ७० चौरस मिलीमीटरची केबल घ्यावी किंवा संच जवळ आणावा. उरलेल्या केबलीचे वेटोळे संचावर किंवा खांद्यावर ठेवू नये.

जोडताना इंजिन बंदच हवे. आधी इन्सुलेशन तपासावे, मग दोन्ही केबली टर्मिनलला आवळाव्यात, क्लॅम्प लावावा, होल्डर कोरड्या, लोखंडाला न टेकणाऱ्या जागी टांगावा आणि मगच इंजिन सुरू करावे. आर्क नसताना डीसी संचाच्या टर्मिनलांवर साधारण ६० ते १०० व्होल्ट असतात. कोरड्या हातमोज्यांत ते जाणवत नाहीत; इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात भिजलेल्या मोज्यांतून मात्र जबर झटका बसू शकतो. एकाच जॉबवर दोन संच उलट पोलॅरिटीने (एकाचा होल्डर धन, दुसऱ्याचा ऋण टर्मिनलवर) चालत असतील, तर दोन होल्डरांमधला व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होतो. दोन्ही होल्डरांना एकाच वेळी हात लागेल अशी मांडणी टाळावी.

७०१८ रॉडला (कमी हायड्रोजनच्या आवरणाचा रॉड) डीसीवर सहसा होल्डर धन टर्मिनलवर असतो, टिग वेल्डिंगला (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने, वायूच्या आवरणात केलेल्या) टॉर्च ऋण टर्मिनलवर. अदलाबदल इंजिन थांबवूनच करावी.

संचावरचे २३० व्होल्टचे सॉकेट ग्राइंडरसाठी असते. त्याला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावा. त्यातून घराच्या वायरिंगला वीज सोडणे फार धोक्याचे आहे. चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी एकाच पुरवठ्याला जोडणारा) नसेल, तर ती वीज उलटी महावितरणच्या तारांवर चढते आणि दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेऊ शकते.