त्वचेच्या प्रारंभिक कर्करोगाची वैद्यकीय नोंद व संकेतांकन (ग्रामीण विदर्भ)

त्वचेचा कर्करोग वरच्या थरातच असताना, किंवा जेमतेम खाली उतरला असताना, त्याची जागा, आकार, खोली आणि सूक्ष्मदर्शकाखालचे रूप कागदावर उतरवणे व त्या वर्णनाला आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणातला (आयसीडी) संकेतांक देणे, असे हे दुहेरी काम आहे. दवाखान्यात त्याला नुसते ‘कोडिंग’ म्हणतात. कोड देणाऱ्यासमोर रुग्ण नसतो, केसपेपर असतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्यांनी तो चट्टा पहिल्यांदा पाहिला, त्यांनी काय लिहिले यावर पुढचे बरेचसे ठरते.

१९९० मध्ये मान्य झालेल्या आयसीडी-१० मध्ये मेलानोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग) सी ४३ खाली येतो; बेसल सेल व स्क्वॅमस सेल या बाह्यत्वचेतल्या पेशींचे आणि त्वचेचे इतर कर्करोग सी ४४ खाली. रोगट पेशी बाह्यत्वचेतच असतील, म्हणजे ‘इन सिटू’ अवस्था असेल, तर हेच अनुक्रमे डी ०३ आणि डी ०४ होतात. बोवेनचा रोग, म्हणजे इन सिटू स्क्वॅमस सेल कर्करोगच, डी ०४ मध्येच मोडतो. उन्हाने आलेला खरखरीत चट्टा, अॅक्टिनिक केराटोसिस, एल ५७.० असून तो कर्करोगात धरत नाहीत. आयसीडी-११ हे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात संकेतांकांची रचनाच निराळी आहे. एखाद्या भागातल्या कर्करुग्णांची मोजणी ठेवणाऱ्या कर्करोग नोंदवह्यांची पद्धत आणखी वेगळी: ८०७०/२ म्हणजे इन सिटू स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, ८०७०/३ म्हणजे आत शिरलेला. नागपूर व वर्धा येथे लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदवह्या आहेत, वर्ध्याची सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत. अशा नोंदवह्यांतले प्रादुर्भावाचे दर मुख्यतः ‘/३’ वर काढतात. रेघेपुढचा एक अंक चुकला की रुग्ण मोजणीतून गळतो, किंवा नसलेला कर्करोग त्याच्या नावावर चढतो.

मराठीतून सांगितलेली जागा कोडमध्ये नेताना सर्वाधिक घोटाळे होण्याची भीती असते. ‘तोंडाले जखम आहे’ असे बाई सांगते. तोंड म्हणजे चेहराही आणि मुखही. गालाच्या कातडीवर असेल तर सी ४४.३, गालाच्या आत असेल तर मुखाचा कर्करोग, ज्याचे कोडच वेगळे. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणाऱ्यांच्या या मुलखात ‘तोंडाचा कॅन्सर’ म्हटले की लिहिणाऱ्याचा हात आपसूक मुखाकडे वळतो. तेव्हा ‘तोंडावर’ की ‘तोंडात’ हे विचारूनच लिहावे. ओठाचेही तसेच: ओठाची त्वचा सी ४४.०, पण लाल कडा सी ०० मध्ये जाते. ‘कंबर’ तर दोन्हीकडे पाय ठेवून असते. कुशीजवळची बाजू धडात येते (सी ४४.५), खुबा पायात (सी ४४.७). ‘उजव्या कुशीवर, कमरेच्या हाडाच्या दोन बोटे वर, १२ × ८ मिमी’ असे लिहिले तर कोणाला अंदाज बांधावा लागत नाही.

कमरेचे उदाहरण उगाच घेतलेले नाही. घट्ट बांधलेल्या धोतराच्या रेघेवर होणारा ‘धोती कॅन्सर’ खानोलकर व सूर्याबाई या संशोधकांनी १९४५ मध्ये नोंदवला. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्स या वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची अशीच माहिती दिली: परकराची नाडी किंवा लुगड्याची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी घासून आधी जखम, मग कर्करोग. कोडमध्ये लुगडे दिसत नाही. ते केसपेपरवर शब्दांतच लिहावे लागते. चुलीवर भाजल्याच्या जुन्या वणात उठणाऱ्या जखमेचेही तेच. भाजणे कधीचे, जखम किती महिने भरत नाही, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

तळपायाचा काळा डाग कुरूप किंवा काट्याचा वण समजून राहून जातो. तो मेलानोमा निघाला तर कोड सी ४३.७, पण त्यावरून अवस्था कळत नाही. त्यासाठी ब्रेस्लो खोली, म्हणजे गाठ त्वचेत किती खोल उतरली ते, मिलिमीटरमध्ये लिहितात. १.० मिमीपर्यंत टी१ (गाठीची सर्वात पातळ पायरी), ०.८ मिमीपेक्षा कमी आणि वर व्रण नसेल तर टी१ए. तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) वरवर खरवडून घेतला आणि रोग त्याच्या तळापर्यंत भिडलेला असला, तर खरी खोली सांगता येत नाही. ‘इन सिटू’ असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. चुना-सोडा लावून जाळलेला मस तर प्रयोगशाळेत पोहोचतच नाही.

म्हणून तुकडा घेतानाची शिस्त फार मोलाची आहे. बरणीत दहा टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट. चिठ्ठी बरणीच्या अंगाला, झाकणाला नव्हे, कारण झाकणे बदलतात. कापलेल्या तुकड्याच्या वरच्या टोकाला एक टाका, आणि ‘टाका = वरची बाजू’ हे मागणीपत्रावर. नाव आधार कार्डावरचे. माहेरचे आणि सासरचे नाव वेगळे असेल तर दोन्ही. रिपोर्ट येईपर्यंत केसपेपरवर ‘कॅन्सर’ लिहू नये. पाय सोडून इतरत्र न भरणाऱ्या व्रणाला एल ९८.४ चालतो. ‘अनिश्चित स्वरूप’ (डी ४८.५) हा पर्याय मात्र संशयाची तात्पुरती जागा म्हणून वापरू नये, पॅथॉलॉजिस्टने तपासूनही ठरवता आले नाही, अशा गाठीसाठी तो राखावा.

राज्याच्या विमा योजनेचा पॅकेज कोड, म्हणजे उपचाराच्या खर्चाच्या मंजुरीचा क्रमांक, या सगळ्याहून वेगळा असतो. ही योजना २ जुलै २०१२ रोजी अमरावती, गडचिरोलीसह आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले; गावात अजून ‘जीवनदायी’च म्हणतात. पॅकेज मंजूर झाले म्हणजे आयसीडीची नोंद झाली, असे समजू नये.

चट्टा पूर्ण निघाल्यावर आणि उपचार संपल्यावर जुना कोड पुढच्या प्रत्येक भेटीत उतरवत नाहीत. आत शिरलेला कर्करोग होऊन गेलेल्यास झेड ८५.८, इन सिटू होऊन गेलेल्यास झेड ८६.०, आणि खाली पुढच्या तपासणीची तारीख, रुग्णाजवळच्या कागदावरसुद्धा.