अंटार्क्टिक सागरप्रवास आणि विदर्भातील हिमखुणा

अंटार्क्टिकावर जाणाऱ्या वैज्ञानिक मोहिमेचा, खुल्या समुद्रातून गोठलेल्या किनाऱ्यापर्यंतचा जहाजप्रवास. मोहीम तडीस जाणार की नाही हे पुष्कळदा बर्फावर पाऊल ठेवण्याआधी, या प्रवासातच ठरते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या विदर्भाशी त्याचा संबंध दगडांमुळे येतो. दक्षिण ध्रुवाकडच्या खडकांत ज्या वनस्पतीची पाने सापडली, तिची पाने कामठी परिसरातल्या वालुकाश्मातही आहेत.

भारताची पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या भाड्याच्या जहाजातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. चमूत २१ जण होते. पुढे बरीच वर्षे जहाजे गोव्याहूनच सुटत. नंतर दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन हा सोयीचा तळ ठरला. तिथून मैत्री हे भारताचे अंटार्क्टिकावरील संशोधन केंद्र सुमारे ४,००० किमी. अंतरावर आहे. निघायचे ते दक्षिणेकडील उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे गहू-हरभऱ्याचा हंगाम चालू असताना. सप्टेंबरात अंटार्क्टिकाभोवती सुमारे १.८ कोटी चौ. किमी. समुद्र गोठलेला असतो. फेब्रुवारीपर्यंत त्यातला बहुतेक बर्फ वितळतो. जहाजांना वाट मिळते ती एवढ्याच मुदतीत.

केपटाऊन सोडले की लगेच चाळीस ते साठ अक्षांशांमधला वादळी पट्टा लागतो. इथे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांना अडवायला जमीन जवळपास नाहीच, त्यामुळे लाटा हजारो किलोमीटर वाढत येतात. बर्फ फोडण्यासाठी बांधलेल्या जहाजाचे बूड गोलसर असते. तेच बूड खुल्या पाण्यात जहाजाला फार डोलवते. मोहिमेवर गेलेले बहुतेक जण हे दिवस आडवे पडूनच काढतात. साधारण पन्नास ते साठ अक्षांशांच्या दरम्यान उत्तरेकडचे कोमट पाणी आणि दक्षिणेकडचे थंड पाणी भेटते. ती सीमा ओलांडली की पाण्याचे तापमान झपाट्याने उतरते आणि पुढे हिमनग दिसू लागतात.

समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या पट्ट्यात शिरताच लाटा दबतात आणि डोलणे थांबते, पण वेगही जातो. जहाजाचा तिरका नाळेकडचा भाग बर्फावर चढतो आणि स्वतःच्या वजनाने तो फोडतो. बर्फ जाड असला तर काळ्या मातीच्या पांदणीत रुतलेल्या बंडीसारखे करावे लागते : मागे घ्यायचे आणि पुन्हा जोर लावायचा. जुने खलाशी ढगांवरून अंदाज बांधत. ढगांच्या तळाला पांढरी झाक असेल तर खाली बर्फ, काळसर असेल तर मोकळे पाणी. आता उपग्रहांची रडारचित्रे असतात, तरी वारा फिरला की फटी मिटतात आणि मोठी जहाजेही अडकतात. २०१३च्या डिसेंबरात ‘अकादेमिक शोकाल्स्की’ हे रशियन जहाज असेच अडकले. त्यावरील ५२ जणांना चिनी जहाजाच्या हेलिकॉप्टरने उचलावे लागले.

मैत्रीसाठीचा माल आइस शेल्फच्या, म्हणजे जमिनीला जोडलेल्या पण पाण्यावर तरंगणाऱ्या जाड बर्फाच्या, काठावर उतरवतात. तिथून केंद्र सुमारे १०० किमी. आत आहे. इंधनाच्या टाक्या आणि धान्य बर्फावर चालणारी पट्ट्यांची वाहने स्लेजवर ओढून नेतात. लार्समन टेकड्यांतील भारती हे भारताचेच दुसरे केंद्र मैत्रीपासून सुमारे ३,००० किमी. दूर असल्याने जहाजाला तिकडची वेगळी फेरी करावी लागते.

कोळशावर चालणाऱ्या जहाजांच्या काळात हाच प्रवास जिवावरचा होता. दक्षिण ध्रुव गाठू पाहणारे ब्रिटिश नौदल अधिकारी रॉबर्ट स्कॉट यांचे ‘टेरा नोव्हा’ जहाज २९ नोव्हेंबर १९१० रोजी न्यूझीलंडमधील पोर्ट चामर्सहून निघाले आणि दोनच दिवसांत वादळात सापडले. तेलात कालवलेल्या कोळशाच्या भुकटीने पंप तुंबले, तेव्हा माणसांनी रांग लावून बादल्यांनी पाणी उपसले. पुढे सुमारे २० दिवस जहाज बर्फात खोळंबले. १९१२ मध्ये ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्यांचे साथीदार वाटेतच मरण पावले, पण बिअर्डमोर हिमनदीजवळ गोळा केलेले सुमारे १६ किलो दगड त्यांनी अखेरपर्यंत टाकले नव्हते. अन्न संपत असताना दगड ओढणे वेडेपणाचे वाटते. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र त्या मोहिमेची मोठी कमाई तीच. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पाने होती. १९१४ मध्ये ए. सी. सीवर्ड यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

ग्लॉसोप्टेरिस विदर्भाला तोवर चांगलीच ठाऊक होती. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूर-कामठी भागातून अशी जीवाश्म पाने जमवली होती. वर्धा खोऱ्यातला कोळसाही त्याच पर्मियन काळातल्या, म्हणजे सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या, झाडोऱ्यापासून बनला. घुग्घुस, वणी, बल्लारपूरच्या खाणीत काम करणारा माणूस रोज त्याच काळात उतरतो म्हणायला हरकत नाही. त्याहून जुनी खूण चंद्रपूरच्या पश्चिमेला पैनगंगेकाठच्या इरई गावाजवळ आहे. १८७०च्या दशकात ओल्डहॅम आणि फेडन या भूवैज्ञानिकांनी तिथल्या चुनखडकावर गुळगुळीत, ओरखडे पडलेला पृष्ठभाग नोंदवला. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी त्यावरून सरकणाऱ्या बर्फाने आपल्यात अडकलेल्या गोट्यांनी तो घासला. चंद्रपूरच्या आजच्या उन्हाळ्यात हे पटणे कठीण, पण भारत तेव्हा दक्षिणेकडच्या गोंडवन महाखंडात अंटार्क्टिकाला लागून होता. भारती केंद्राच्या बाजूच्या प्रिन्स चार्ल्स पर्वतरांगेतही पर्मियन काळातला कोळसा आहे. तो खणता मात्र येत नाही : १९९१ च्या माद्रिद करारनाम्याने अंटार्क्टिकात खाणकामाला बंदी आहे.

हल्ली शास्त्रज्ञ बहुधा केपटाऊनहून विमानाने जातात. वर्षभराचे इंधन, अन्न आणि यंत्रसामग्री अजूनही जहाजानेच जाते. भाड्याच्या जहाजावर विसंबणे हे भारतीय मोहिमांचे जुने दुखणे. देशातच ध्रुवीय संशोधन जहाज बांधण्यासाठी कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने २०२५ मध्ये नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीशी सामंजस्य करार केला.